फूल येण्याआधी

"गाजरगवताचं खत करायचा उद्योग आमच्या हडपसरात एकदा होऊन गेलाय. आमच्या शेजारच्या सरूकाकूंनी केला होता. आषाढात त्यांच्या खड्ड्यातून दोन बैलगाड्या भरून खत आमच्या मळ्यात आलं, आणि भाद्रपदात सगळा मळा पांढरा झाला. वडिलांच्या हाती शेवंतीचं एक फूल लागलं नाही. तेव्हा झालं तेवढं पुरे. पुन्हा तोच खेळ आता भिंतीला लागून नको."

हे उद्गार श्री. बबनराव यांचे. आमच्या घरामागे जे गृहसंकुल उभे राहिले आहे, त्याच्या सभागृहात गेल्या रविवारी त्यांनी ते काढले. ते पहिल्या रांगेत बसले होते, कारण ती जमीन एके काळी त्यांची होती. लोकांनी माना डोलावल्या. उत्तर द्यायला मी उभा राहिलो. परंतु गुडघे सरळ करून ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यास मला जो वेळ लागला, तेवढ्यात सभा वाहनतळाच्या प्रश्नाकडे वळली होती. "काका, तुमचं नंतर घेऊ," असे चिटणीस म्हणाले. मी म्हणालो, "घ्या. माझ्या वयाच्या माणसाला 'नंतर' सांगायला धाडस लागतं." कोणी हसले नाही. पुण्यात विनोदावर न हसणे हीदेखील एक टीकाच असते.

सरूकाकू म्हणजे माझी पत्नी. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्यावरील आरोप ती असतानाही होता, पण तेव्हा तो बांधावर पुटपुटला जात असे. आता तो खुर्चीवरून, माणसांनी भरलेल्या दालनात उच्चारला गेला. पुटपुटण्याला मी इतकी वर्षे उत्तर दिले नाही, त्याला कारण होते, आणि ते मी सांगेन. उच्चारलेल्या वाक्याला मात्र उत्तर देणे भाग आहे. माझी उभी हयात शनिवार पेठेतील एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. हडपसरहून सायकलने जावे, मुलांना पानांचे प्रकार शिकवावेत आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच पानांत पाय घालून उभे राहावे, असा तो क्रम. या लेखात कोणास शाळामास्तर आढळला, तर तो आहेच. मी त्याला लपवणार नाही.

आषाढ लागला की इतरांना हिरवे दिसते. मला मुदत दिसते. गेल्या आठवड्यापासून मी रोज सकाळी काठी आणि वाचायचे भिंग घेऊन कालव्याच्या बाजूने चालत जातो. कालवा आता जागोजागी झाकला गेला आहे. उघड्या राहिलेल्या तुकड्यांच्या काठी मात्र गाजरगवत पूर्वीच्याच दिमाखात उभे असते. वाकून शेंडा धरावा, भिंग लावावे आणि कळी आहे का पाहावे. दुचाकीवरून जाणारी तरुण मंडळी थांबून विचारतात, "आजोबा, काही हरवलंय का?" मी नाही म्हणतो. अजून काही हरवलेले नसते, म्हणूनच तर मी आलेलो असतो.

हे झुडूप पाहिले नाही असा पुणेकर नाही आणि नीट पाहिले आहे असा क्वचितच. आधी ते जमिनीला चिकटून एखाद्या हिरव्या चक्रासारखे पसरते. तेव्हा ते इतके नम्र असते की त्याच्यावरून माणसे चालत जातात. मग एका पावसात मधूनच दांडा उठतो. पाने गाजराच्या पानांसारखी, मऊ, कातरलेली. हात लावला तर तळव्याला कडवट वास, जो साबणाने जात नाही. मग दांड्याला फांद्या, फांद्यांना शेंडे, आणि शेंड्यांवर एके सकाळी तांदळाच्या कणीएवढे पांढरे फूल. आमच्याकडे त्याला चटकचांदणी म्हणत. नाव किती लाडके! ते कोठून आले याच्याही कथा आहेत: कोणी म्हणे परदेशी गव्हाबरोबर, कोणी म्हणे रेल्वेच्या रुळांवरून. मी त्या वादात पडत नाही. मला इतकेच ठाऊक आहे, की कणी दिसेपर्यंत हे झुडूप माणसाच्या ताब्यात असते आणि कणी दिसल्यानंतर माणूस त्याच्या ताब्यात जातो.

दुष्काळाने आमचे गोठे रिकामे केले होते, त्यानंतरचा तो हंगाम. दावणीला बैल उरले नव्हते, फक्त एक म्हातारी गाय होती. जनावर नाही म्हणजे शेण नाही, शेण नाही म्हणजे खत नाही. आणि दुकानात खताच्या गोणीसाठी उभे राहावे, तर गोणी संपल्याची पाटी आपल्या आधी उभी. पालक पिवळा पडू लागला होता. वांग्याची रोपे उगवत, पण वाढण्याचे नाव घेत नसत. ती काळजी कशी असते, हे पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला दुपारी शाळेत विसरता येई. सरूला येत नसे, कारण तिची शाळा ते शेतच होते.

गावच्या चावडीत शेतकी कॉलेजातले एक साहेब भाषणाला आले होते. बांधावरचे तण, मग ते टाकळा असो की गाजरगवत, खड्ड्यात कुजवले तर उत्तम खत होते, असे त्यांनी सांगितले. बायका मागे बसल्या होत्या. सरू तिथूनच म्हणाली, "साहेब, फूल आल्यावर टाकलं तर काय हुतं?"

साहेब म्हणाले, "बाई, फूल आलं की बी आलं. बी खड्ड्यात मरेलच, अशी हमी मी देत नाही."

"मग तुमी आधी ते सांगायचं हुतं. खताचं मागनं."

मला शरमल्यासारखे झाले. साहेबांना मात्र तिचे म्हणणे पटलेले दिसले. ती नम्र बाई नव्हती. तिला नम्र करून सांगणारे एखादे स्मरणलेखन पुढेमागे झाले, तर तेही मी खोडून काढीन. ती भांडखोर होती, मोठ्याने बोलत असे, आणि एकदा ऐकलेल्या अटीला कुत्र्याने हाड धरावे तशी धरून बसे. त्या हंगामात तिने धरलेली अट एकच होती: फूल येण्याआधी.

चैत्र-वैशाखात कोरड्या रानात तण नसते, पण कालव्याच्या आणि पाटाच्या ओलीवर ते बारमाही हिरवे. तिथून तिने आरंभ केला. त्या झुडपाने अंगाला खाज सुटते, म्हणून माझे शाळेचे जुने, पूर्ण बाह्यांचे सदरे ती लुगड्यावर चढवी, मनगटाशी सुतळीने बांधी आणि कॉलरची गुंडीसुद्धा लावी. कोपरावर खडूचे पांढरे डाग, खिशाला शाईचा ठिपका, आणि आत माझी बायको. शेजारच्या बायजाकाकू, म्हणजे बबनरावांच्या मातोश्री, बांधावरून ओरडत, "मास्तरीनबाई, शाळा सुटली का?"

"सुटली की. तुमी नापास."

"कशात गं?"

"वासात. नाकाला पदर लावून हुभ्या हाय तुमी."

त्या दोघी अशा बोलत आणि दोघींच्या घरांत एकमेकींचे विरजण चाले. आमच्या आणि त्यांच्या शेताला एकच बांध होता. पाटाचे पाणी आधी त्यांच्याकडे आणि मग आमच्याकडे येई.

मी शाळेतून परतलो की आधी सरूच्या मनगटांकडे पाही. सुतळीच्या वरच्या बाजूला लाल पट्टा उठलेला असे. तिला खोकलाही येऊ लागला होता. मी खोबरेल तेल पुढे करी आणि हे काम थांबव म्हणे. ती म्हणे, "तुमी पोरांच्या वह्या तपासा. मी फूल तपासते." आणि खरेच तपासी. उपटलेली प्रत्येक काडी शेंड्याकडून हातात धरायची, वर करायची, उजेडाकडे पाहायची. शेंड्याला दाणा जाणवला तर ती काडी खड्ड्यात नाही; तिचा वेगळा ढीग, तो वाळवून तिथेच जाळायचा. कोणी म्हणेल, नवरा बायकोच्या दक्षतेची साक्ष देतो आहे, तिचे मोल किती? बरोबर आहे. शून्य. स्वभाव हा पुरावा नव्हे, हे मी मुलांनाही शिकवीत असे. म्हणून हा परिच्छेद मी पुराव्यात धरीत नाही. तो केवळ मला लिहावासा वाटला म्हणून लिहिला.

घरामागच्या परसात खड्डा होता. तसा तो एकच, आणि आमच्या घरचा पहिलाच. चिरलेल्या तणाचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर मूठमूठ राख आणि माती, मग पुन्हा तण. पहिल्या काही दिवसांत त्या खड्ड्यातून जो वास येई, तो मी कोणत्याही प्रयोगशाळेत घेतलेला नाही: हिरवा, आंबट, उष्ण. हात धरला तर वाफ लागे. मला वाटे, हे कुजत नसून श्वास घेते आहे, आणि आत काय चालले आहे ते आपल्याला कळणार नाही. आत एखादे बी जिवंत राहिले असेल तर? तिच्या नजरेतून एक काडी सुटली असेल तर? एका काडीला किती बी लागते, हे मला ठाऊक होते. ती संख्या मी तिला कधीच सांगितली नाही.

वटपौर्णिमेला खड्डा भरला. वडाला सूत गुंडाळून ती परत आली, नवे लुगडे बदलले आणि माती-शेणाचे लिंपण करून खड्ड्याचे तोंड बंद केले. घरची भिंत लिंपावी तसे, बोटांच्या अर्धगोल खुणा ठेवीत. मग लिंपणाच्या कडेला, बाहेरच्या मातीत, तिने दोडक्याचे बी टोचले. म्हणाली, "वेल वर सोडते. पावसानं लिंपण धुपायचं न्हाई. आन् कुनी खड्डा उकरला, तर वेल मोडंल, मला कळंल." दिवाळीशिवाय तो खड्डा उघडायचा नव्हता. तोपर्यंत त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. गाईचे दावेसुद्धा तिने लांब सरकवले.

त्या वेलाला मांडव नव्हता. तो लिंपणावर लोळत गेला आणि श्रावणात खड्ड्याचे तोंड पूर्ण झाकले गेले. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. शाळेतून येऊन सायकल भिंतीला लावावी, तेव्हा ती पिवळी फुले एकेक करून उघडत असत, आणि सरू त्यांच्याकडे पाहत नसून त्यांच्या खालच्या मातीकडे पाहत असे. भेग पडली का? उंदराने बीळ केले का? जमिनीवर वाढलेले दोडके सरळ होत नाहीत. ते कोयत्यासारखे वाकडे होत.

इकडे बांधापलीकडे बबनरावांचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, शेवंतीची स्वप्ने पाहत होते. तात्या भला माणूस होता. बढाई मारी, परंतु ती पिकांची, माणसांची नव्हे. त्या वर्षी त्यांनी पांढऱ्या शेवंतीची, लवकर फुलणाऱ्या जातीची म्हणून कोणाकडून तरी नवी रोपे आणली होती. वैशाखात त्यांच्या शेतात पुण्याच्या कचऱ्याचे कुजवलेले खत ट्रकने येऊन पडले होते. तेव्हा सगळेच ते घेत. त्या खतात बांगड्यांचे तुकडे असत, कपांचे कान असत, आणि उन्हात सगळे शेत चमके. मी तात्यांना एकदा म्हणालो, "मी ज्या पेठेत शिकवतो, तिथल्या सगळ्या बांगड्या तुमच्या सऱ्यांत आल्यात." ते म्हणाले, "मग काय मास्तर! आमची शेवंती पुन्याला जायच्या आधी पुनंच आमच्याकडं आलंय." त्या ट्रकमधून आणखी काय आले असेल, याविषयी माझा तर्क आहे. पण तो तर्कच. कोठून आले ते मी सिद्ध करू शकत नाही. कोठून आले नाही, एवढेच सिद्ध करण्याचे मी अंगावर घेतले आहे.

शेवंतीचे कोवळे पान आणि गाजरगवताचे कोवळे पान शेजारी ठेवा. मी ठेवून पाहिली आहेत. दोन्ही कातरलेली, दोन्ही मऊ, दोन्ही किंचित करडी. भिंगाखाली फरक दिसतो. पावसात पाठ वाकवून निंदणाऱ्या बाईला तो दिसावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांच्या निंदणाऱ्या बायकांनी हरळी काढली, लव्हाळा काढला, आणि ही 'शेवंती' मात्र जपून ठेवली, उलट तिला माती चढवली. तात्या स्वतः असते तर ओळखते. पण श्रावणभर ते तापाने अंथरुणाला खिळले होते. गणेशचतुर्थीच्या सकाळी ओट्यावर बाज टाकून त्यांना प्रथमच बाहेर बसवले. त्यांनी शेताकडे पाहिले. लांबवर, सगळ्या मळ्यावर, पांढरे धुके उतरल्यासारखे फूल होते.

"बायजे! फुलली! दसऱ्याची शेवंती गनपतीला फुलली!"

ती हाक मी आमच्या अंगणातून ऐकली. आजारी माणसाच्या आवाजात इतका आनंद मी पुन्हा ऐकला नाही, आणि म्हणून त्याची चेष्टा करणे मला अद्यापही जमत नाही. बबनराव तेव्हा कॉलेजात होते, नुकतेच लग्न झालेले, इस्त्रीच्या पँटला चिखल लागू नये अशा बेताने चालणारे. वडिलांनी त्यांना परडी देऊन फुले आणायला पिटाळले. ते कडेकडेने गेले, लांब दांड्यासकट शेंडे खुडले आणि आणून आळीच्या गणपतीच्या पायांशी वाहिले. मी आरतीला होतो. मी ओळखले. सरूनेही ओळखले. तिने माझ्या कोपराला घट्ट धरले आणि आरती संपेपर्यंत सोडले नाही. बोलावे तर तात्या समोर बसलेले, शालीत गुंडाळलेले, डोळे भरून देवाकडे पाहणारे.

गौरींच्या दिवशी मंडईतले फुलांचे आडते रशीदभाई पीक पाहायला आले. तात्यांच्या घराशी त्यांचा जुना व्यवहार. अतिशय अदबीचा माणूस. ते बांधावर उभे राहिले, थोडे आत गेले, परत आले. रुमालाने हात पुसले, मग रुमालाचा वास घेऊन पाहिला. म्हणाले, "तात्या, यात आपली शेवंती कुठे कुठे आहे. बाकीचं आपलं नाही." एवढेच. चहा घेऊन गेले. पण ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि देवाच्या पायांशी काय वाहिले गेले होते, तेही लोकांना आठवले. तेव्हा जे हसू उठले, त्यातून सुटायला त्या घराला दुसरे नाव हवे होते. बांधापलीकडे, गाजरगवत गोळा करणारी, मास्तरच्या सदऱ्यातली बाई आयतीच होती.

तात्यांनी समोर येऊन काहीच म्हटले नाही. ते पाटाच्या कडेला दुसऱ्या कोणाशी तरी, सरूला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "खत म्हून काय दिलं, कुनाला ठावं." सरूने खुरपे खाली टाकले. "तात्या, मी तुमाला खत दिलं? माझा खड्डा अजून लिंपलेला हाय. या, येऊन बघा!" ते आले नाहीत. बायजाकाकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मी संतापलो होतो. मला तेव्हाच ठाऊक होते की आपल्याकडे एक साक्षीदार आहे, आणि तो असा आहे की त्याच्यापुढे गावातले कोणीही तोंड उघडणार नाही. मी तसे म्हटले. सरू म्हणाली, "तिला बोलवायचं न्हाई. तिचा घरधनी हाय तो. माझ्यासाठी तिनं त्याला खोटं पाडायचं? मंग ती ऱ्हाईल कुठं?" संक्रांतीला तिला त्या घरून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. विरजणाची देवघेव थांबली. सरूने मला पुन्हा एकदाच ताकीद दिली: "ती हाय तोवर न्हाई." मी पाळले. तात्या गेले, मग सरू गेली. बायजाकाकू त्या दोघांच्या मागे राहिल्या, आणि त्याही गेल्या. आता त्या साक्षीने कोणाचे घर मोडणार नाही.

दिवाळीत आम्ही खड्डा उघडला, हेही सांगून टाकतो. वेल तोवर वाळला होता. लिंपण फोडले, आणि आतून काळी, मोकळी, जंगलातल्या जमिनीसारख्या वासाची माती निघाली. सरूने ती मूठभर घेऊन माझ्या नाकाशी धरली. हसली नाही. तिची नजर पुढच्या पावसाकडे होती. ती माती आमच्याच वांग्यांना गेली. पुढच्या आषाढात आम्ही दोघे रोज त्या वाफ्यात बसून एकेक कोंब पाहत होतो. गाजरगवत दिसले नाही. पण हेही मी पुराव्यात धरणार नाही. ते आमचेच शेत, आमचेच डोळे, आमचीच निंदणी. बबनराव म्हणतील, उपटून टाकले असेल. म्हणोत. मला घरचा साक्षीदार नकोच आहे.

आता आजचे. आमच्याकडे त्या शेतातले काही गुंठे उरले आहेत, तीन बाजूंनी इमारती आणि चौथ्या बाजूला ते गृहसंकुल. माझी सून अनघा तिथे पालेभाज्या करते. चांगली नोकरी सोडून करते, आणि त्याबद्दल तिला विचारणाऱ्यांना ती उत्तर देत नाही, जुडी पुढे करते. यंदा तिने परसातला तो जुना खड्डा पुन्हा उकरला. पुस्तके वाचली, कुणाकुणाला विचारले, आणि शेवटी मला विचारले. त्यावरच ती सभा झाली. भिंतीपलीकडच्या लोकांना ॲलर्जीची भीती आहे, आणि ती खोटी नाही. सरूची मनगटे मी विसरलेलो नाही. पण तेच झुडूप त्यांच्या वाहनतळाच्या कडेला कमरेएवढे वाढले आहे, त्यावर कोणी सभा घेत नाही. त्यांनी निर्णय येत्या रविवारवर ढकलला आहे. तोपर्यंत थांबावे, अशी सूचना आहे. झुडपांना ती कोणी कळवली आहे का, ते मात्र मला ठाऊक नाही.

परवा सकाळी भिंगाखाली मला पहिली कळी दिसली. हिरवी, मिटलेली, मोहरीहून लहान. मी घरी आलो तेव्हा गुडघ्यांना चिखल लागलेला होता. अनघाला वाटले, मी पडलो. मी म्हणालो, "रविवारपर्यंत थांबलीस तर फूल येईल. मग बबनराव म्हणतात तेच खरं होईल." तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग तिने जे विचारले, ते मला बबनरावांच्या भाषणापेक्षा अधिक लागले.

"बाबा, एक विचारू? रागवू नका. आईंच्या खड्ड्याचं खरंच काय झालं होतं? संकुलात मला सगळे विचारतात. मी म्हणते, नाही, आईंनी तसं केलं नसेल. पण 'नसेल' म्हणते हो मी. मला एक सॉलिड गोष्ट द्या. एकच."

'नसेल'. ज्या घरात सरू तीस-चाळीस पावसाळे राबली, त्या घरात तिच्या नावापुढे 'नसेल' आले होते. तो दोष अनघाचा नाही. ज्याला ठाऊक आहे तो बोलत नसेल, तर ज्याला ठाऊक नाही त्याने 'नसेल'च म्हणायचे.

आज सकाळी ती थांबली नाही. मी अंगणात खुर्चीवर बसून पाहत होतो. हातमोजे, तोंडाला पट्टी, आणि कपाटातून माझाच एक जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. प्रत्येक काडी उजेडाकडे धरीत होती. काही बाजूला टाकीत होती. भिंतीवरून कोणीतरी मोबाईलमध्ये तिचे चित्र घेतले. तिने हात हलवून दाखवला. दुपारी खड्डा भरला आहे. वर लिंपण मात्र नाही, कारण ते रविवारी विचारूनच करीन, असा तिने शब्द दिला आहे. तिच्याइतका मी भला नाही. आभाळ दाटले आहे. उघड्या खड्ड्यात पाणी शिरले तर सगळे सडेल, दुर्गंधी सुटेल, आणि मग निर्णय करायला सभेचीही गरज उरणार नाही. मी दर थोड्या वेळाने उठून पाहतो. अजून पडत नाही. वारा पश्चिमेचा आहे.

म्हणून तिने मागितलेली ती एक गोष्ट येथे लिहून ठेवतो. रविवारी माझे 'नंतर' आले, तर मी तीच बोलेन. न आले, तर तिने हा लेख उभे राहून वाचावा.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. रशीदभाई अजून यायचे होते, तात्यांचा मळा पांढरा उभा होता. ऋषिपंचमी होती. त्या दिवशी उपास करणारी बाई बैलाच्या कष्टाचे खात नाही: नांगरटीचे नाही, मोटेचे नाही, बैलगाडीतून आलेलेही नाही. बायजाकाकू या व्रतात इतक्या कडक, की ज्या वाफ्याच्या कडेने बैल चालत गेला, तिथली अळूची पानेसुद्धा त्या घेत नसत. त्या विळी आणि सूप घेऊन आमच्या परसात आल्या आणि खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या.

"सरू, हितं बैल फिरकला न्हाई ना?"

"वटपुनवेपासनं मानूस फिरकला न्हाई. मास्तरांनासुदिक येऊ देत न्हाई मी."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्या वाकल्या, वेल हलकेच बाजूला सारला आणि सबंध खड्ड्याभोवती फिरून लिंपण तळव्याने चाचपले. सरूच्या बोटांचे अर्धगोल जसेच्या तसे होते. मग म्हणाल्या, "दोडकं मेलं लई वाकडं हाय गं तुजं."

"वाकडं हाय, पन बाटलेलं न्हाई. घ्या."

त्यांनी घेतले. मी दारात उभा होतो.

बबनराव, आषाढात जिथून दोन बैलगाड्या खत भरले असे आपण सांगता, तिथले दोडके भाद्रपदात आपल्या आईने स्वतःच्या हाताने तोडून ऋषिपंचमीला खाल्ले.